रोज एक खगोलचित्र, मराठीत: मांडणी किती साधी ठेवावी?

पुनर्वसू

रोज एक खगोलचित्र आणि त्याखाली मराठीत थोडक्यात माहिती, असा उपक्रम सुरू करायचा आहे. चित्र तीन ठिकाणी लागेल: एक साधं वेबपान, वाचनालयाच्या फलकावर ए३ छापील कागद, आणि व्हॉट्सअॅप गट.

डोळ्यासमोर नमुना अर्थातच नासाच्या संकेतस्थळावरच्या 'अॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे'चा आहे, म्हणजे आपलं एपॉड. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल यांनी ते १६ जून १९९५ रोजी सुरू केलं. पहिल्या दिवशी पान १४ वेळा उघडलं गेलं होतं. पानाचा क्रम आजही ओळखीचा आहे: वर मथळा, मग तारीख, चित्र, चित्राचं नाव, श्रेय, स्पष्टीकरण, 'उद्याचं चित्र' ही एक ओळ, आणि तळाशी मागे-पुढे जायचे दुवे. ना फिरती पट्टी, ना उघडझाप करणारी खिडकी.

माझं मत असं की मांडणी रोज तीच राहिली की वाचणाऱ्याला ती शिकावी लागत नाही आणि सगळं लक्ष चित्राकडे जातं. पण गटातल्या काहींना वाटतं की आजच्या वाचकाला हे पान ओसाड वाटेल. तर विचारायचं ते असं:

१. पानावर नेमकं काय ठेवावं, काय काढावं?
२. मजकूर किती शब्दांचा?
३. फॉन्ट, रंग, छपाई यांत कुठे घात होतो?
४. मराठी संज्ञा कोणत्या वापराव्या?

निशाचर

तुमच्या मताला +१. एपॉडची आणखी एक गोष्ट जरूर उचला: पत्ता कधीही न बदलणं. प्रत्येक दिवसाच्या पानाचं नाव म्हणजे 'एपी' ही दोन अक्षरं आणि पुढे वर्ष-महिना-दिवस असे सहा आकडे. त्यामुळे १९९५ सालचा दुवाही आज उघडतो, आणि आपल्या वाढदिवसाचं चित्र कुणालाही शोधता येतं.

मात्र वर्षाचे दोनच आकडे घेण्याची त्यांची पद्धत घेऊ नका. नावानुसार क्रम लावला की ९५ ते ९९ ही वर्षं ०० च्या नंतर जाऊन बसतात. वर्षाचे चार आकडे, मग महिना, मग दिवस असं नाव ठेवा. चित्राच्या फाइलला, मजकुराच्या फाइलला आणि छापील प्रतीला तेच नाव द्या. वर्षभरात ३६५ गुणिले ३ फाइली होतात. नावांत शिस्त नसेल तर दोन महिन्यांतच काही सापडेनासं होतं.

रंगपेटी

मी थोडं वेगळं म्हणेन. साधं आणि जुनं यांत गल्लत होते आहे. एपॉडचा क्रम उत्तमच आहे, पण ते पान मुळात संगणकाच्या पडद्यासाठी केलेलं. मोबाइलवर दोन अडचणी ठळक दिसतात.

एक, मागे-पुढे जायची चिन्हं बारीक आहेत. बोटाने दाबायच्या जागेला किमान ४८ पिक्सेल उंची-रुंदी हवी. 'कालचं' आणि 'उद्याचं' हे शब्दच लिहा, नुसता बाण नको.

दोन, काही चित्रांवर माउस नेला की ताऱ्यांची नावं उमटतात. फोनला माउस नाही, त्यामुळे ती सोय फोनवर नीट पोचत नाही. तुम्ही चित्राखाली 'नावं दाखवा' अशी एक कळ द्या आणि ती दाबली की नावांसह केलेलं दुसरं चित्र त्याच जागी येऊ द्या. दोन्ही चित्रं पिक्सेलपर्यंत एकाच मापाची हवीत, नाहीतर कळ दाबताच तारे उडी मारतात.

एवढं केलं तर बाकी साधेपणाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. चित्रावर मजकूर मात्र कधीही छापू नका. मथळा नको, तारीख नको, गटाचं चिन्हही नको. आकाशातली काळी जागा रिकामी नसते. तिथेच अंधुक धूळ आणि दूरच्या दीर्घिका (गॅलेक्सी) असतात.

खिळेजुळारी

फॉन्टचं बोलतो, कारण देवनागरीत साधी मांडणी बिघडते ती इथेच.

इंग्रजी साच्यातली अक्षरांमधली मोकळी जागा आधी शून्य करा. तयार साच्यांत मथळ्याला ती बहुधा वाढवलेली असते. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपली शिरोरेषा मात्र तुटते आणि 'तेजोमेघ' हा शब्द चार तुकड्यांत लटकतो.

ओळींची उंची अक्षराच्या १.७ पट ठेवा. १.४ ला खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. 'स्फूर्ती' किंवा 'दृष्टी'सारखे शब्द एकाखाली एक आले की लगेच कळतं. अक्षर १८ ते २० पिक्सेल, एका ओळीत १० ते १२ शब्द. दोन्ही कडा जुळवायच्या भानगडीत पडू नका. मराठी शब्द लांब असतात आणि ब्राउझर ते तोडत नाही, मग मधे भगदाडं पडतात. डावी कड जुळवा, उजवी मोकळी सोडा.

आणखी एक बारीक गोष्ट. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेची खूण असते, ती 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) करा. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं वेगळी साठवलेली असतात. खूण नसेल तर हिंदी वळणाचे ल आणि श येतात, खूण दिली की पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. मजकूर तोच, पण पान आपलं वाटतं. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता'सुद्धा या कामाला छान आहे. त्याची बरीच वजनं मिळतात. तुम्ही दोनच घ्या, मजकुराला साधं आणि नावाला ठळक.

टर्मिनल

चित्राची तयारी कशी करावी ते सांगतो. मूळ फाइल जशीच्या तशी पानावर लावू नका. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचं जुलै २०२२ मधलं कॅरिना तेजोमेघाचं (वायू-धुळीच्या ढगाचं) चित्र १४,५७५ × ८,४४१ पिक्सेलचं आहे. म्हणजे सुमारे १२ कोटी ३० लाख पिक्सेल. फाइल किती दाबलेली आहे याला फारसा अर्थ नाही, कारण दाखवताना प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. म्हणजे फोनच्या स्मृतीत जवळपास ४९० एमबी. पान मधेच बंद पडतं ते यामुळे. तेच चित्र १,६०० पिक्सेल रुंद केलं तर ६ एमबीच्या आत येतं.

क्रम असा ठेवा:

आधी रंगांची प्रोफाइल एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, बदला आणि त्यानंतरच फाइलमधली जादा माहिती काढा. क्रम उलटला की ब्राउझरला मूळ प्रोफाइल कळत नाही आणि हायड्रोजनचा तांबडा रंग विटक्यासारखा दिसतो.

मग १,६०० पिक्सेल रुंदीला लहान करा. त्यानंतर किंचित धार द्या, पण ताऱ्यांभोवती काळं कडं दिसू लागलं तर धार जास्त झाली.

जेपेग करताना गुणवत्ता ८५ आणि रंगाचं सबसॅम्पलिंग ४:४:४. नेहमीच्या ४:२:० मध्ये रंगाची माहिती चार पिक्सेलांत एकदाच साठते, त्यामुळे एक-दोन पिक्सेलचे निळे-तांबडे तारे करडे होतात.

काळ्याकडून निळ्याकडे हळूहळू जाणारं आकाश असेल तर पट्टे दिसतात. जेपेग करायच्या आधी अगदी थोडा नॉइज (बारीक दाणे) मिसळा, पट्टे विरघळतात. फाइल जरा वाढते, ती वाढू द्या.

व्हॉट्सअॅप हे सगळं पुन्हा दाबतं आणि अंधाऱ्या भागात चौकोन दिसू लागतात. चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर मूळ दर्जा टिकतो, पण मग गटात ते आपोआप मोठं दिसत नाही. म्हणून गटात साधं चित्र पाठवा आणि खाली वेबपानाचा दुवा द्या.

मघा_१०

टर्मिनल, गटासाठी चौकोनी कापावं का? बहुतेक जण तसंच करतात.

टर्मिनल

कापू नये. १,०८० × १,३५० चा कोरा कॅनव्हास घ्या. वरच्या १,०८० × १,०८० भागात अख्खं चित्र मावेल एवढं बसवा, उरलेली जागा गडद करडी. खालच्या २७० पिक्सेलच्या पट्टीत नाव, तारीख, श्रेय. मजकूर चित्राबाहेर राहतो, आणि कुणी पुढे पाठवलं तरी श्रेय सोबत जातं.

रंगपेटी

न कापण्याबद्दल एक उदाहरण देते. हबल अवकाश दुर्बिणीचं 'निर्मितीचे स्तंभ' हे १९९५ चं चित्र घ्या. त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखी काळी जागा आहे. लोकांना वाटतं फाइल खराब आहे, म्हणून तो भाग कापतात किंवा रंगवून टाकतात. त्या कॅमेऱ्यात चार भाग होते. त्यांपैकी एक जास्त मोठं करून पाहणारा होता. त्याचं चित्र बाकी तिघांच्या मापाला आणायला लहान करावं लागतं, म्हणून पायरी उरते. ही एक ओळ मजकुरात दिली की त्या काळ्या कोपऱ्यातूनही वाचकाला काहीतरी मिळतं.

दुर्बिणवाला

पार्श्वभूमी कोणती ठेवायची ते कुणी बोललंच नाही. काळीच हवी. एपॉडची फिकट निळसर-पांढरी आहे. अंधारात फोन उघडला की त्या पांढऱ्यामुळे बाहुली लहान होते आणि तेजोमेघाचा अंधुक भाग दिसतच नाही.

खिळेजुळारी

काळ्यावर पांढरी देवनागरी ९०-१०० शब्द वाचून बघा. पांढरं अक्षर फुलतं, ध आणि घ यांतला फरक बुजतो, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. वयस्कर वाचकांना तर फार त्रास होतो. मजकुरासाठी फिकट पार्श्वभूमीच बरी.

दुर्बिणवाला

मजकुराबद्दल पटलं. चित्राबद्दल मात्र मी ठाम आहे.

रंगपेटी

दोन्ही जमतं. वरचा पट्टा पूर्ण रुंदीचा, गडद करडा, त्यात फक्त चित्र. त्याखाली फिकट पार्श्वभूमीवर मजकूर. करडा म्हणजे, काळा ० आणि पांढरा २५५ धरला तर, साधारण २०. शुद्ध शून्य नको, नाहीतर चित्राची कड कुठे संपते तेच कळत नाही. फोनवर चित्र पाहताना पडद्यावर बहुतेक गडद भागच असतो, आणि वाचायला खाली सरकवलं की मजकूर उजेडात येतो.

दुर्बिणवाला

हे मान्य.

शाईकागद

ए३ फलकाचं सांगतो, पडद्यावर जमलेलं छपाईत फसतं.

साध्या ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागदावर इंकजेटने काळं आकाश छापू नका. शाई मुरून कागद वळतो आणि काळा रंग मातकट होतो. १३० जीएसएम आर्ट पेपर घ्या आणि लेझरवर काढा. दुकानात 'फुल ब्लीड', म्हणजे कडेपर्यंत छपाई, मागू नका, यंत्र कडेचे ४-५ मिमी छापतच नाही. चारही बाजूंना १५ मिमी पांढरी कड सोडा. उभ्या ए३ ला चित्राची रुंदी मग २६७ मिमी उरते. इंचाला २०० ठिपके धरले तर २,१०० पिक्सेल पुरतात, कारण लोक फलक हातभर लांबून बघतात.

सगळ्यात मोठा घोटाळा उजेडाचा होतो. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. जिन्याखालच्या ट्यूबलाइटमध्ये अंधुक तेजोमेघ पूर्ण गडप होतो. एक ए४ कागद घेऊन त्यावर चित्राचा तोच तुकडा चार पट्ट्यांत छापा, गॅमा (मधल्या छटा किती उजळायच्या तो आकडा) १.०, १.१५, १.३ आणि १.४५. कागद प्रत्यक्ष फलकावर लावा, चार पावलं मागे या आणि बघा. जी पट्टी बरी दिसेल तो आकडा त्या फलकापुरता कायमचा. फलक बदलला तर चाचणी पुन्हा.

मजकूर पांढऱ्या कडेच्या भागात काळ्याने छापा. काळ्यात पांढरी बारीक अक्षरं कोरली तर टोनर पसरून अनुस्वार गिळले जातात. 'पिंड' आणि 'पिड' यांतला भेदच राहत नाही. मजकूर किमान १८ पॉइंट, नाव ४८ पॉइंट.

अनुष्टुभ

डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्या वाचकांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. नंतर शेकडो चित्रांना वर्णन जोडत बसणं होत नाही. चित्राच्या पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी वाचून दाखवला जातो तो) 'तेजोमेघाचं चित्र' एवढंच लिहिलं तर वाचकाला काही मिळत नाही. 'सुंदर', 'विलोभनीय' हेही नको. काय आहे, कुठे आहे, कसं दिसतं, या क्रमाने दोन-तीन वाक्यं. वर निघालेल्या स्तंभांच्या चित्राचंच लिहून दाखवते:

"हिरवट-निळ्या उजेडासमोर धूळ आणि वायूचे तीन तपकिरी खांब उभे आहेत. डावीकडचा सर्वांत उंच असून त्याच्या टोकाला बोटांसारखे फाटे आहेत. कडा उजळलेल्या आहेत. उजव्या वरच्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखी काळी, रिकामी जागा आहे."

फोनमधला स्क्रीन रीडर हे मराठीत वाचून दाखवतो. त्यासाठीही खिळेजुळारींनी सांगितलेली भाषेची खूण लागते, नाहीतर उच्चार हिंदी वळणाचे होतात.

मघा_१०

हे वर्णन वाचून मी चित्र पुन्हा उघडलं. ती बोटं आधी कधी लक्षातच आली नव्हती.

न्यूजर्सीकर

वेळेचा घोळ सांगतो, भारतातून करणाऱ्याला तो हमखास नडतो. एपॉड बदलतं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री. म्हणजे भारतात उन्हाळी वेळेत सकाळी साडेनऊ, आणि नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. तुमची आज्ञावली सकाळी सहाला भारताची तारीख घालून नासाच्या एपीआयकडे (आज्ञावलीतून माहिती मागायची सोय) चित्र मागेल तर चूक परत येईल, कारण तिकडे ती तारीख उजाडलेलीच नसते. तारीख न देता मागा आणि उत्तरात जी तारीख येते तीच छापा.

डेमो की (नोंदणीशिवाय चालणारी चाचणीची किल्ली) वापरली तर तासाला ३० आणि दिवसाला ५० विनंत्यांची मर्यादा आहे. वाचकाने पान उघडलं की विनंती, असं केलं तर दुपारपर्यंत पान कोरं. दिवसातून एकदाच मागा, चित्र आपल्याकडे उतरवून ठेवा आणि तेच दाखवा. उत्तरातल्या माध्यमप्रकारात कधीकधी 'व्हिडिओ' असतं. तेव्हा चित्राच्या जागी मोकळी चौकट दिसते. विनंतीत 'थम्ब्ज' सुरू ठेवा म्हणजे बहुतेकदा स्थिरचित्र मिळतं.

आणि १० दिवसांचा साठा हाताशी हवाच. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज थांबलं तेव्हा नासाची संकेतस्थळं बंद होती. एपॉड इतर संकेतस्थळांवरच्या त्याच्या प्रतींवर चालू राहिलं. रोजचं म्हटलं की एक दिवसही चुकवता येत नाही.

कायदेपान

न्यूजर्सीकर, हक्कांचंही बघावं लागेल. एपॉडवर आलेलं प्रत्येक चित्र नासाचं नसतं. बरीच चित्रं छायाचित्रकारांची असतात आणि त्यांचा हक्क राखीव असतो. एपीआयच्या उत्तरात 'कॉपीराइट' हा रकाना आला तर परवानगीशिवाय ते चित्र लावू नका. रकाना नसला तरी पानावरची श्रेयओळ वाचा. स्पष्टीकरणाचा सरसकट अनुवाद करून छापणंही टाळा, स्वतःचा मजकूर लिहा.

निर्धास्तपणे घेता येतील अशा जागा: नासाची स्वतःची चित्रं, आणि ईएसओ (युरोपीय दक्षिण वेधशाळा), ईसाचं (युरोपीय अवकाश संस्थेचं) हबल, ईसाचं वेब, नॉयरलॅब (अमेरिकी वेधशाळांची संस्था) यांची चित्रं. या चौघांची सीसी बाय ४.० परवान्याखाली असतात, म्हणजे श्रेय अचूक देऊन छापता येतात. श्रेयओळ त्यांनी दिलेली असते, ती पूर्ण द्या, लांब आहे म्हणून छाटू नका. नासाचं बोधचिन्ह मात्र लावू नका, उपक्रम त्यांचा असल्याचा समज होतो.

देवयानी_म

संज्ञांकडे वळूया, माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी. आकाशगंगा हे नाव फक्त आपल्या दीर्घिकेचं. हिंदी मजकुरावरून लिहिणारे 'देवयानी आकाशगंगा' लिहितात, तिथे वाचकाचा घोटाळा होतो. नेब्युलाला तेजोमेघ. क्लस्टरला तारकागुच्छ. सुपरनोव्हाला, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्याला, अतिनवतारा. मॅग्निट्यूडला, म्हणजे तेजस्वितेच्या मापाला, प्रत.

नावं आपली घ्या, त्यांत गंमत आहे. उत्तर आकाशात देवयानी, शर्मिष्ठा, ययाती आणि वृषपर्वा हे तारकासमूह एकमेकांच्या शेजारी आहेत. अँड्रोमेडा, कॅसिओपिया, पर्सियस आणि सेफियस या ग्रीक कुटुंबाच्या जागी मराठीत महाभारतातलं कुटुंब आलं. वाचकाला नातं माहीत असतं, त्यामुळे नकाशा चटकन लक्षात राहतो. व्याध, अगस्त्य, ज्येष्ठा, काक्षी, राजन्य ही ताऱ्यांची नावं वापरात राहिली पाहिजेत.

आकड्यांबद्दल आग्रह धरते. 'दशलक्ष' वाचून आपल्या डोळ्यांसमोर काही येत नाही. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे असं लिहा. एम ८७ ही दीर्घिका साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, आणि त्यातल्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या ६५० कोटी पट. बिलियनला अब्ज म्हणजे १०० कोटी. अनुवादात इथे एक शून्य हमखास सांडतं.

निशाचर

अवांतर: मापासाठी पौर्णिमेचा चंद्र वापरा. तो अर्धा अंश असतो. देवयानी दीर्घिका लांबीला सुमारे तीन अंश, म्हणजे सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवल्याएवढी. चित्राखाली चंद्राएवढ्या रुंदीचं छोटं वर्तुळ काढलं तर आकडाही लागत नाही. आणि उत्तर वर ठेवली तर पूर्व डावीकडे येते, नकाशाच्या उलट. आपण आकाश खालून बघतो म्हणून.

दुर्बिणवाला

वाचक रोज एक प्रश्न विचारणार: "रंग खरे आहेत का?" याला कायमची एक ओळ राखून ठेवा, 'रंग:' अशी. निर्मितीच्या स्तंभांत लाल म्हणजे गंधक, हिरवा म्हणजे हायड्रोजन, निळा म्हणजे ऑक्सिजन. हायड्रोजन डोळ्याला खरं तर तांबडा दिसला असता, ६५६ नॅनोमीटरचा. पण गंधकही तांबडंच, म्हणून दोन्ही वेगळे कळावेत यासाठी हायड्रोजनला हिरवा दिला. वेबची चित्रं अवरक्त असतात. तिथे कमी तरंगलांबीला निळा, जास्तीला लाल असं साधारण असतं. १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेलं एम ८७ च्या कृष्णविवराचं चित्र तर १.३ मिमीच्या रेडिओ लहरींचं. नारंगी फक्त तीव्रता दाखवायला.

दुसरा रोजचा प्रश्न ताऱ्यांच्या टोकांचा. चार टोकं असली तर हबल, दुय्यम आरशाला धरणाऱ्या चार पट्ट्यांमुळे. सहा मोठी आणि दोन छोटी असली तर वेब, षटकोनी आरसे आणि तीन दांडे यांच्यामुळे. हे एकदाच वेगळ्या पानावर लिहा आणि रोज तिकडे दुवा द्या.

मघा_१०

सगळी चित्रं हबल-वेबचीच का? आपल्याकडचं काही घ्या की. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, लोणारचं विवर. सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस तर कुणालाही टिपता येतो.

निशाचर

मघा, नक्की घ्यावं. शून्य सावली मुंबईत मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी येते, जेव्हा सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशांतलं अंतर) आणि गावाचा अक्षांश सारखा होतो. जुलैत बहुधा ढग, म्हणून मे धरा. उभी बाटली, भर माध्यान्ही, सरळ वरून फोटो. सावली बुडाखाली लपलेली दिसते. अशी स्थानिक चित्रं मात्र आधीच काढून साठ्यात ठेवा. जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही.

पुनर्वसू

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नांतला मजकुराच्या लांबीचा तेवढा राहिला. वरचं सगळं धरून एक नमुना लिहिला आहे, साधारण ७० शब्दांचा. चुका सांगा.

"कर्क तेजोमेघ. इ.स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांना आकाशात एक नवा तारा दिसला. तो २३ दिवस भर उजेडातही दिसत होता. तो अतिनवतारा होता, आणि हा त्याचा उरलेला ढग. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे. ढग सेकंदाला सुमारे १,५०० किमी वेगाने अजून पसरतो आहे. मधोमध मूळ ताऱ्याचा गाभा सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो. आकाशात याची रुंदी पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण पाचव्या भागाएवढी.
रंग: लाल – गंधक, हिरवा – हायड्रोजन, निळा – ऑक्सिजन.
उद्या: शेजारचे सहा चंद्र."

खिळेजुळारी

लांबी योग्य. फलकावर उभ्याउभ्या वाचून होतं, ए३ वर १८ पॉइंटला सहज मावतं. १०० च्या वर जाऊ नका.

देवयानी_म

'कर्क' बदला. हा तेजोमेघ वृषभ राशीत आहे. कर्क म्हटलं की वाचक कर्क राशीत शोधणार. 'खेकडा तेजोमेघ' लिहा आणि पहिल्याच वाक्यात 'वृषभ राशीत' घाला. 'उद्या' ही ओळ फार छान, सहा चंद्र वाचून लोक दुसऱ्या दिवशी येतील.

दुर्बिणवाला

रंगांची ओळ स्तंभांच्या चित्रावरून उचललीत. ती इथे चूक आहे. हबलच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोडचित्रात तंतूंमधला लाल म्हणजे ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. हिरवा म्हणजे गंधक. बाहेरच्या तंतूंतला निळा म्हणजे उदासीन, एकही इलेक्ट्रॉन न गमावलेला ऑक्सिजन. स्तंभांत ज्या ऑक्सिजनला निळा दिला, त्यालाच इथे लाल दिला आहे. म्हणून ही ओळ साच्यात कायमची भरून ठेवू नका. 'रंग:' एवढंच छापील ठेवा, पुढची जागा रोज कोरी, आणि त्या त्या चित्राच्या मूळ पानावर फिल्टर वाचूनच भरा.

पुनर्वसू

दोन्ही दुरुस्त्या केल्या. साच्यात 'रंग:' पुढे आता कोरी जागा आहे, आणि ती भरल्याशिवाय पान प्रसिद्ध होणार नाही अशी अट घातली आहे. आजची ओळ: "रंग: लाल आणि निळा – दोन्ही ऑक्सिजन, पण वेगळ्या अवस्थेतला. हिरवा – गंधक." शाईकागद, गॅमाच्या चार पट्ट्या उद्या फलकावर लावतो.